‘पाणी अंदाजाने’ असे छापू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कामाच्या दिवशी रात्री एकाच भांड्यात चिकन आणि पास्ता शिजवून मोकळे व्हावे, ही कल्पना चांगलीच आहे. घासायला भांडी कमी पडतात आणि पोटभरीचे जेवण होते. पुरवण्यांतून या पदार्थाच्या कृती सतत छापून येतात, त्यांचा मथळाही ठरलेला असतो: वीस मिनिटांत, एकाच भांड्यात. तक्रार पदार्थाबद्दल नाही, तो ज्या तऱ्हेने छापला जातो त्याबद्दल आहे. ‘पास्ता एक पाकीट, चिकन पाव ते अर्धा किलो, पाणी आवश्यकतेनुसार, मीठ चवीपुरते.’ एवढ्यावरून ज्याला करता येते त्याला कृतीची गरजच नसते. ज्याला गरज असते त्याच्या हाती एक तर गिच्च गोळा येतो, नाहीतर तळाला लागलेला आणि वर कच्चा राहिलेला पास्ता.

पास्ता करण्याची नेहमीची पद्धत म्हणजे भरपूर पाण्यात उकळून गाळणे. १०० ग्रॅम पास्त्याला १ लिटर पाणी आणि १० ग्रॅम मीठ, हे इटालियन स्वयंपाकघरातले प्रमाण. तिथे पेलाभर पाणी कमीजास्त झाले तरी काही अडत नाही, जास्तीचे सिंकमध्ये जाते. एकाच भांड्याच्या पद्धतीत गाळणेच नाही. घातलेल्या पाण्यातले काही पास्ता पितो, काही वाफ होऊन उडते आणि उरते तो रस. त्यामुळे या पदार्थात सगळ्यांत काटेकोरपणे मोजायचा जिन्नस पाणी आहे, आणि नेमका तोच ‘आवश्यकतेनुसार’ असतो.

हिशेब सोपा आहे. चौघांसाठी ३०० ग्रॅम सुका पास्ता धरा. दाताला जरा लागेल इतपत शिजेपर्यंत तो साधारण ३५० मिलिलिटर पाणी पितो. २८ सेंटिमीटर रुंदीच्या भांड्यातून, अर्धा वेळ झाकण ठेवून, बारा-तेरा मिनिटांत सुमारे २०० मिलिलिटर उडून जाते. अंगासरसा रस राहायला आणखी २५० ते ३०० लागते. बेरीज ८०० ते ८५०. त्यातले २०० मिलिलिटर ३०० ग्रॅम चिरलेल्या टोमॅटोतून सुटते. म्हणून वरून घालायचे पाणी ६५० मिलिलिटर, आणि शेजारी पेलाभर उकळते पाणी राखीव. टोमॅटो अगदी गरवट असतील किंवा आच मोठी राहिली तर त्या पेल्यातले लागते, बहुतेकदा अर्धे.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते, ती कुठल्याच कृतीत लिहिलेली दिसत नाही. प्रमाण निम्मे केले तर पाणी निम्मे करून चालत नाही. १५० ग्रॅम पास्ता त्याच भांड्यात शिजवला तर वाफ जवळजवळ तितकीच उडते, कारण ती भांड्याच्या तोंडावर अवलंबून असते, पास्त्यावर नाही. दोघांसाठी ३२५ नव्हे, ४०० मिलिलिटर पाणी घाला. दुप्पट करायचे तर उलटे: पाणी दुपटीपेक्षा कमी लागते. पण त्या फंदात पडू नये. ६०० ग्रॅम पास्ता एका भांड्यात ढवळला जात नाही, खालचा लगदा होतो आणि वरचा कडक राहतो. दोन भांडी घ्या आणि मथळ्याचा मोह सोडा.

आता भांडे. २८ ते ३० सेंटिमीटर रुंद, निदान ६ सेंटिमीटर खोल, जाड बुडाचे आणि घट्ट झाकणाचे. स्टेनलेस स्टील सगळ्यांत बरे. नॉनस्टिकमध्ये पदार्थ होतो, पण तळाला काही धरतच नाही, आणि या पदार्थाची निम्मी चव त्या धरलेल्या खरवडीत असते. बिडाच्या भांड्यात टोमॅटो वीस मिनिटे रटरटला की रसाला लोखंडी चव येऊ शकते. उंच आणि अरुंद पातेले नकोच. त्यात चिकनचे तुकडे एकावर एक बसतात, आणि मग ते भाजले जात नाहीत, स्वतःच्याच पाण्यात उकडतात.

चिकन मांडीचे, बिनहाडाचे, ५०० ग्रॅम. अडीच सेंटिमीटरचे तुकडे. छातीचे मांस घ्यायला हरकत नाही, पण त्याला माफी नसते: ७४ अंश सेल्सियसला ते सुरक्षित शिजलेले असते आणि तिथून पुढे दर मिनिटाला कोरडे पडत जाते. मांडीच्या मांसात चरबी आणि चिवट धागे जास्त असतात. हे धागे आचेवर हळूहळू विरघळून जिलेटिन होते, त्यामुळे ८० अंशांपर्यंत गेले तरी तुकडा मऊ राहतो. दमून आलेल्या माणसाने घड्याळाकडे डोळे लावून उभे राहायचे नसेल तर मांडीचेच घ्यावे.

चिकन नळाखाली धुऊ नका. धुण्याने जंतू मरत नाहीत, ते शिंतोड्यांबरोबर सिंकभर आणि शेजारच्या कोथिंबिरीवर उडतात. त्यांना मारते ती आच. धुण्याऐवजी कागदी रुमालाने तुकडे दाबून कोरडे करा. हे टापटिपीसाठी सांगत नाही. मांसाचा पृष्ठभाग ओला असेल तोवर त्याचे तापमान १०० अंशांच्या वर जात नाही आणि तांबूस रंग व वास ज्या प्रक्रियेतून येतो ती जोर धरते १४० च्या आसपास. लुई-कामिय माइयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली तिचे वर्णन केले, म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जाते. ओले चिकन तव्यावर पडले की पहिली तीन-चार मिनिटे पाणी आटवण्यात जातात. तोवर आतला तुकडा शिजून संपतो आणि रंग येतो तो उशिरा.

तेल दोन मोठे चमचे, म्हणजे ३० मिलिलिटर. भांडे आधी चांगले तापू द्या, मग तेल, मग चिकन, तेही दोन हप्त्यांत. तुकड्यांमध्ये बोटभर जागा राहिली पाहिजे. पहिली बाजू तीन मिनिटे अजिबात हलवायची नाही. हलवायची खुमखुमी सगळ्यांना येते. तुकडा चिकटला आहे असे वाटते, म्हणून उलथण्याने खरवडला जातो आणि त्याची साल भांड्यालाच राहते. पुरेसा भाजला की तो आपोआप सुटतो. न सुटणे याचा अर्थ एवढाच, की अजून मिनिटभर हवे. दुसरी बाजू दोन मिनिटे, आणि तुकडे ताटलीत काढा. आत ते कच्चेच आहेत, त्याची काळजी नको, ते परत भांड्यात जाणार आहेत. ताटलीत साठलेला रसही जाणार आहे, पण उकळत्या पाण्यात; ताटावर वाढताना ओतण्यासाठी तो नाही.

इथे छापील कृतींमधले एक वाक्य खोडून काढायला हवे: ‘मोठ्या आचेवर भाजल्याने रस आत बंद होतो.’ एकोणिसाव्या शतकात युस्टुस फोन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने तसे मांडले आणि ते तेव्हापासून चिकटून बसले आहे. भाजलेल्या तुकड्यातूनही पाणी सुटत राहते, तव्यावरची चरचर हा त्याचाच आवाज. भाजायचे ते चवीसाठी आणि तळाच्या खरवडीसाठी.

मग त्याच भांड्यात, आच मध्यम करून, एक मोठा कांदा बारीक चिरलेला, साधारण १५० ग्रॅम. त्याला सुटणाऱ्या पाण्यातच तळाची खरवड विरघळायला लागते; लाकडी उलथण्याने ती मोकळी करत राहा. खरवड तांबूस असेल तर सोने, काळी असेल तर कडू. काळी झाली असल्यास पुढे जाऊ नका, भांडे पुसून घ्या, नाहीतर तो कडूपणा सगळ्या रसात उतरेल. कांदा चार मिनिटे. सहा पाकळ्या लसूण, अर्धा मिनिट, त्याहून जास्त नाही. टोमॅटो पेस्ट एक मोठा चमचा, दोन मिनिटे परतून, तेलाला वीटकरी रंग येईपर्यंत. सुका ओरेगानो आणि लाल मिरचीचे तिखट इथेच, अर्धा-अर्धा छोटा चमचा. सुक्या पानांना वेळ आणि तेल लागते, ओली पाने मात्र शेवटी. टोमॅटो ३०० ग्रॅम, तीन मिनिटे.

पाणी उकळते घाला. तोवर किटलीत ते गरम करून ठेवायचे. किटली हे दुसरे भांडे झाले, असा आक्षेप येईल. ती घासावी लागत नाही, एवढे उत्तर पुरे. गार पाणी घातले तर भरलेल्या भांड्याला उकळी यायला सहा-सात मिनिटे जातात आणि तेवढा वेळ पास्ता कोमट पाण्यात एकमेकांना चिकटत पडतो.

मिठाचा हिशेबही निराळा. गाळायच्या पद्धतीत ३० ग्रॅम मीठ घातले तरी बहुतेक सगळे पाण्याबरोबर जाते. इथे घातलेला प्रत्येक कण ताटात येतो. ५०० ग्रॅम चिकनला ५ ग्रॅम, तुकडे करतानाच चोळून. पाण्यात आणखी ५ ग्रॅम, म्हणजे सपाट छोट्या चमच्याला थोडे कमी. मिठाची उरलेली कसर शेवटी घालायचे चीज भरून काढते. स्टॉक क्यूब, म्हणजे रस्स्याची तयार वडी, वापरत असाल तर पाण्यातले मीठ पूर्ण वगळा, त्या क्यूबचा निम्मा भाग मीठच असतो. ‘चवीपुरते’ म्हणणे सोपे आहे, पण पाणी आटण्याआधी घेतलेली चव आणि आटल्यावरची चव यांत फार फरक पडतो. सुरुवातीला बरोबर लागलेला रस शेवटी खारट होतो. चाखून तो थोडा अळणी लागला, तर तो बरोबर आहे.

पास्ता आखूड आणि जाडसर घ्या: पेने, फुसिली, रिगातोनी. ड्युरम या कडक जातीच्या गव्हाच्या रव्याचा असेल तर तो आकार टिकवतो. पाकिटावर ते लिहिलेले असते. इटलीत १९६७ च्या कायद्याने सुका पास्ता ड्युरमचाच असणे बंधनकारक केले आहे. साध्या मैद्याचा पास्ता या पद्धतीत विरघळतो. ताजा पास्ता दोन-तीन मिनिटांत शिजतो, तोवर रस पाण्यासारखाच असतो, त्यामुळे तो इथे नको. तांदूळ किंवा मक्याचा ग्लुटेनविरहित पास्ता ढवळताना मोडतो. तो वेगळा उकळावा. स्पॅगेटी चालते, पण ती पाण्यात पूर्ण बुडेपर्यंत जवळ उभे राहून वळवावी लागते. दोन आकार मिसळू नका. दोन अर्ध्या पाकिटांचा निकाल लावण्याच्या नादात एकाचा लगदा होतो आणि दुसरा कच्चा राहतो.

पास्ता पाण्यात पडल्यानंतरची पहिली तीन मिनिटे सगळ्यांत नाजूक. या वेळी वरचा स्टार्च फुगून चिकट होतो आणि नळ्या जोडीजोडीने एकमेकींना, आणि तळालाही, चिकटतात. सतत ढवळा, तळापासून. पाण्यात तेल घातल्याने चिकटणे थांबते असे लिहिले जाते; तेल वर तरंगते, चिकटणे खाली चाललेले असते. तीन मिनिटांनी झाकण ठेवा, आच मध्यमपेक्षा कमी, आणि दर दोन मिनिटांनी एकदा तळ खरवडून ढवळा. सात-आठ मिनिटांनी झाकण काढा आणि चिकन रसासकट परत घाला. छातीचे असेल तर आणखी दोन मिनिटे थांबून घाला.

पाकिटावर दहा मिनिटे लिहिली असतील तर इथे बारा ते चौदा लागतात. पाणी कमी असते, उकळी मंद असते, आणि टोमॅटोचा आंबटपणाही पास्ता मऊ पडायला वेळ लावतो. त्यामुळे दहाव्या मिनिटाला तो कच्चा लागला म्हणून घाबरून पेलाभर पाणी ओतू नका. हाच या पदार्थातला सगळ्यांत मोठा अपघात आहे. त्या पाण्याने रस पातळ होतो, तो आटवायला आणखी पाच मिनिटे जातात आणि त्या पाच मिनिटांत पास्ता हद्द ओलांडतो.

पास्ता झाला की नाही हे कान आणि डोळे दोन्ही सांगतात. सुरुवातीला बारीक, भरभर बुडबुडे आणि खळखळ आवाज. शेवटाकडे बुडबुडे मोठे, आळशी होतात आणि आवाज फदफद असा येतो. उलथणे तळावरून सरळ ओढा. मागे वाट पडली आणि ती मिटायला दोन-तीन सेकंद लागली, तर रस बरोबर आहे. लगेच मिटली तर पातळ आहे, मिटलीच नाही तर पाणी कमी पडले, राखीवातले पाव पेला घाला. मग एक नळी दाताने तोडून तिच्या कडेकडे पाहा. मध्ये टाचणीच्या टोकाएवढा पांढरट ठिपका दिसतो त्याच क्षणी आच बंद करायची. पुढची तीन मिनिटे झाकणाखालची वाफ तो ठिपका घालवते. ठिपका दिसेनासा होईपर्यंत शिजवलेला पास्ता ताटात येईस्तोवर मऊ पडलेला असतो. रस या क्षणी अपेक्षेपेक्षा किंचित पातळच हवा, कारण तो गार होताना घट्ट होतो.

चिकनसाठी टोचायचा थर्मामीटर असेल तर सगळ्यांत जाड तुकड्याच्या मध्यभागी ७४ अंश बघा. नसेल तर तोच तुकडा कापून पाहा: आतले मांस अपारदर्शक, धागे सुटे आणि सुटणारे पाणी नितळ. गुलाबी झाक एकट्याने काही ठरवत नाही. हाडाजवळचे मांस पूर्ण शिजूनही गुलाबी राहू शकते.

चीज आच बंद केल्यावरच. ५० ग्रॅम, बारीक किसलेले, आणि किसून ठेवायचे आधीच. फदफदणाऱ्या रसात जुने, कोरडे चीज टाकले की त्यातली प्रथिने आक्रसून गोळा होतात, तूप वेगळे सुटते आणि उलथण्याला रबरी दोऱ्या लोंबतात. मिनिटभर थांबून, दोन हप्त्यांत घाला आणि जोरात ढवळा. पास्त्याने सोडलेला स्टार्च रसाला धरून ठेवतो. प्रोसेस्ड चीज मात्र कसेही वितळते, त्यातले क्षार त्यासाठीच असतात. चव फिकी, पण गुठळ्या नाहीत.

दुधाचे लिहायलाच हवे, कारण ‘टोमॅटोबरोबर एक कप दूध घाला’ अशी ओळ छापून येते आणि लोक ती पाळतात. टोमॅटोच्या आंबटपणात उकळते दूध फाटते. पदार्थ खाण्यालायक राहतो, पण रसात कणी दिसते. मलईदार हवे असेल तर घट्ट क्रीम १०० मिलिलिटर, आच बंद केल्यावर. त्यात स्निग्धांश जास्त आणि प्रथिने कमी, म्हणून ते सहसा फाटत नाही. दूधच घालायचे तर टोमॅटो वगळा आणि पाणी २०० मिलिलिटरने वाढवा. त्यातले २०० दूध म्हणून शेवटच्या पाच मिनिटांत घाला.

भाज्यांचे थोडक्यात: गोठवलेले मटार शेवटची तीन मिनिटे, ढोबळी मिरची कांद्याबरोबर, पालक १०० ग्रॅम आच बंद करताना. मशरूमला खूप पाणी सुटते, ते चिकननंतर वेगळे कोरडे परतून काढून ठेवावे. लिंबू ताटातच.

आता वेळ. चिकन भाजणे अकरा मिनिटे, कांद्यापासून टोमॅटोपर्यंत दहा, पास्ता तेरा, मुरणे तीन. झाले सदतीस, आणि चिराचिरीची दहा वेगळी. वीस मिनिटांचा मथळा कुठून येतो हे कळत नाही. बहुधा कांदा सोललेला, लसूण ठेचलेला आणि चिकन कापलेले कोणीतरी आधीच करून ठेवलेले असते. तसे करून ठेवता येतेही. सकाळी तुकडे कापून, मीठ लावून, झाकून फ्रिजच्या सगळ्यांत खालच्या कप्प्यात ठेवले तर संध्याकाळी चिकन जास्त रसाळ लागते आणि पाच-सात मिनिटे वाचतात. कांदा चिरून डब्यात राहतो. गोठवलेले चिकन आदल्या रात्री फ्रिजमध्ये उतरवायचे, ओट्यावर नाही. पण सकाळी चिकन अर्धवट भाजून ठेवायचे आणि रात्री शिजवायचे, हा सल्ला कधीही छापू नये. अर्धवट आचेने सगळे जंतू मरत नाहीत आणि कोमट मांसात ते वाढतात. भाजले की त्याच बैठकीत पूर्ण शिजवायचे.

उरलेला पास्ता दोन तासांच्या आत उथळ डब्यात घालून फ्रिजमध्ये. तिथेही तो रस पीत राहतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी कोरडा दिसतो. माणशी दोन-तीन मोठे चमचे पाणी घालून, झाकण ठेवून, वाफ येईपर्यंत गरम करा. तीन दिवसांच्या पुढे ठेवू नका.

एवढे सगळे प्रत्येक कृतीत छापावे, अशी मागणी नाही. पास्त्याचे वजन, पाण्याचे मिलिलिटर, भांड्याची रुंदी, मिठाचे ग्रॅम आणि कांदा सोलण्यापासून मोजलेला वेळ, या पाच गोष्टी दोन ओळींत बसतात. जागा कमी पडत असेल, तर सोबतचे छायाचित्र इंचभर लहान करावे.

आपले,
पाककलेचे वर्ग घेणारे दोन वाचक